आधी दात, मग पट्टा

कुत्र्याचं पिल्लू घरी आणलेल्या माणसांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, ते सगळं चावत सुटलंय, काय करू? दोन, बाहेर एवढा वेळ फिरवून आणलं तरी घरात पाऊल टाकताच शू करतं, काय करू? कायमचं घर मिळेपर्यंत पिल्लं माझ्याकडे राहतात, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न माझ्या घरात सदैव मुक्कामाला असतात. सध्या ठमी आहे, पाच महिन्यांची, तोंडात अर्धे दात जुने नि अर्धे नवे. आणि बंड्या, तिच्याहून बराच लहान, ज्याला जगातली प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालून बघायची असते.

दोन्ही प्रश्नांवर माझा एकच उपाय आहे. पिल्लाच्या लेखी फिरायला जाणं ही दिवसातली सगळ्यात मोठी चैन असते. ती फुकट द्यायची नाही. माझ्याकडे संध्याकाळी दात घासल्याशिवाय खुंटीवरचा पट्टा निघत नाही, आणि बाहेर शी-शू उरकल्याशिवाय खरं फिरणं सुरू होत नाही. सकाळी मात्र हा नियम लावायचा नाही हं! रात्रभर भरलेलं मूत्राशय घेऊन बसलेल्या जिवाला ब्रश दाखवणं हा छळ आहे. सकाळी डोळे उघडले की थेट बाहेर.

तोंडात काय चाललंय

पिल्लू जन्मतं तेव्हा बोळकं असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात डोकवायला लागतात आणि दोन महिन्यांचं होईपर्यंत सगळे २८ आलेले असतात. हे दात बारीक आणि सुईसारखे टोकदार, म्हणून लहान पिल्लाचा चावा मोठ्या कुत्र्याच्या खेळकर चाव्यापेक्षा जास्त झोंबतो. चौथ्या महिन्याच्या आसपास पुढचे छोटे दात पडायला लागतात, पाचव्या-सहाव्या महिन्यात सुळे बदलतात आणि मागच्या दाढा सर्वांत शेवटी येतात. सात महिन्यांच्या आसपास कायमचे ४२ दात पूर्ण होतात, वर २० आणि खाली २२. पडलेले दात शोधत बसू नका. बहुतेक दात पिल्लू जेवता जेवता गिळून टाकतं आणि त्याने काहीही बिघडत नाही. खेळण्यावर रक्ताचा एखादा ठिपका दिसला तरी घाबरायचं कारण नाही.

दात येताना हिरड्या ठणकतात, म्हणून ते चावतं. त्याला चावू नको म्हणण्यात अर्थ नाही, काय चाव ते दाखवावं लागतं. जुन्या सुती फडक्याला गाठी मारायच्या, ओलं करून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि गारठलं की द्यायचं. थंडाव्याने हिरड्या बधिर होतात आणि पिल्लू शांत बसतं. मात्र समोर बसून द्या, कारण फडक्याचे धागे सुटले की ते गिळलेच म्हणून समजा. मऊ रबराची खेळणीही फ्रीजमध्ये गार करून देता येतात.

वस्तू फार कडक आहे की नाही हे ओळखायला अंगठ्याचं नख पुरतं. नख दाबलं आणि वस्तू जराही दबली नाही, तर ती पिल्लाच्या दातांसाठी नाही. हाडं, शिंगं, खूर, दगड हे सगळं यात आलं. हाड हे कुत्र्याचं नैसर्गिक खाणं वगैरे मला कोणी ऐकवलं, तर मी वरच्या जबड्यातल्या मागच्या मोठ्या दाताकडे बोट दाखवते. कडक वस्तू चावताना त्याच दाताचा टवका उडतो. तो दुखतो, पिकतो आणि कुत्रं महिनोन्महिने काही न सांगता एकाच बाजूने खात राहतं. दुधाचा सुळा मोडला तर तोही ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. आतली नस उघडी पडली तर जंतू मुळापर्यंत जातात आणि खाली तयार होत असलेला कायमचा दात खराब होऊ शकतो. दात बदलत असताना दोरीची खेचाखेचही बेताने करायची. टेनिसचा चेंडू टाकून आणायला ठीक आहे, चघळायला नाही. त्याच्या लवेत माती अडकते आणि दात हळूहळू झिजतात.

हात चावला तर हात हिसडू नका, ओरडूही नका. हललेला हात म्हणजे पळणारी शिकार, आणि ओरडणारा माणूस म्हणजे खेळात सामील झालेला गडी. हात ढिला सोडा, खेळणं पुढे करा. तरीही चावलंच तर उठून दुसऱ्या खोलीत जा. क्षणभरच. खेळ संपला एवढं त्याला कळलं की पुरे.

ब्रश

पिल्लाचे दात घासायचे ते मुख्यतः सवयीसाठी. दुधाचे दात जाणारच आहेत, पण त्यांच्यावर शिकलेली शिस्त पुढच्या ४२ दातांना आयुष्यभर उपयोगी पडते.

सुरुवातीला ब्रश आणूच नका. ठमी आली तेव्हा मी तिच्या शेजारी जमिनीवर बसायचे, समोर नाही. समोरून वाकलेलं माणूस पिल्लाला डोंगराएवढं वाटत असणार. तिची पाठ माझ्या पोटाला टेकलेली, डावा तळहात तिच्या हनुवटीखाली आणि त्याच हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ हलकेच उचलायचा. दात दिसले की ‘शाब्बास’, ओठ खाली, खाऊचा तुकडा आणि पट्टा. एवढंच. ती कंटाळण्याआधी थांबायचं हेच यातलं कौशल्य. काही दिवसांनी बोटाला कुत्र्यांच्या टूथपेस्टचा ठिपका लावून चाटायला द्यायचा, मग तेच बोट दातांवरून फिरवायचं, मग बोटाला ओला गॉज गुंडाळून, आणि शेवटी लहान बाळांचा मऊ ब्रश. बोटात घालायचा रबरी ब्रशही चालतो, पण चावरं पिल्लू असेल तर दांडीचाच बरा.

तोंड उघडायची गरज नाही. बरेच जण इथेच अडतात, जबडा फाकवायला जातात आणि झटापट होते. तोंड मिटलेलंच ठेवायचं, ओठाच्या आतून ब्रश सरकवायचा आणि दातांची बाहेरची, गालाकडची बाजू घासायची. ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरून छोटी छोटी वर्तुळं काढायची. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते. वेळ कमीच मिळाला तर वरचे मागचे मोठे दात आणि सुळे तेवढे घ्या. लाळेच्या नळ्या वरच्या मागच्या दातांजवळ उघडतात आणि किटण सर्वांत आधी तिथेच बसतं.

दात बदलण्याच्या ऐन दिवसांत ठमीच्या हिरड्या लाल दिसल्या की मी ब्रश बाजूला ठेवते. ओठ उचलायचा, बघायचं, पेस्ट चाटू द्यायची, संपलं. दुखऱ्या तोंडात घातलेला ब्रश पिल्लू विसरत नाही. पण ओठ उचलण्याचा तो कार्यक्रम मात्र चुकवायचा नाही, नाहीतर पट्ट्याचा सौदा मोडतो.

रोज कशासाठी? कारण दातांवर चिकट थर पुन्हा जमायला काही तासच लागतात, आणि दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी तो कडक होऊन किटण बनतो. एकदा किटण झालं की ब्रश त्याला काही करू शकत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा जोर लावून घासण्यापेक्षा रोजची अर्धीमुर्धी घासणी बरी. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कलीयुक्त, त्यामुळे त्यांच्या दाताला कीड क्वचितच लागते, पण किटण लवकर धरतं. त्यांचं दुखणं असतं ते हिरड्यांचं. भूल न देता वरवर किटण खरवडून देणारे भेटतात. दात पांढरे दिसतात खरे, पण हिरडीखालचा मळ तसाच राहतो. त्यावर पैसे घालवू नका.

आपली टूथपेस्ट कुत्र्याला अजिबात नाही. कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं. त्यातलं फ्लोराइड आणि फेस पोटाला बरे नाहीतच, पण काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतो आणि यकृतही निकामी करू शकतो. दात साफ करणारे चघळण्याचे खाऊ घ्यायचे असतील तर पाकिटावर व्हीओएचसीची, म्हणजे व्हेटरनरी ओरल हेल्थ काउन्सिलची मोहोर आहे का बघा. त्यांच्याकडे उत्पादनाच्या चाचण्यांचे निकाल तपासून ती देतात. असे खाऊ ब्रशच्या जोडीला घ्यायचे, ब्रशच्या जागी नाही.

ओठ उचलाल तेव्हा एक गोष्ट मुद्दाम बघा. एकाच जागी जुना आणि नवा असे दोन दात शेजारी शेजारी उभे आहेत का? विशेषतः सुळे. नवा सुळा आला तरी दुधाचा पडत नाही, असं छोट्या जातींच्या कुत्र्यांत फार होतं. दोघांच्या फटीत अन्न अडकतं, नवा दात वाकडा सरकतो, खालचा सुळा तर कधी टाळूत रुततो. हे आपोआप होईल बरं म्हणून वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. भूल देऊन तो जुना दात काढतात. नसबंदी त्याच सुमारास ठरली असेल तर दोन्ही एकाच भुलीत उरकता येतं.

बाहेर

आधी लशींचं. पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांची असताना आणि पुढचे डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. हे डोस पूर्ण होईपर्यंत जिथे अनोळखी कुत्री शी-शू करतात तिथे पिल्लाला जमिनीवर सोडायचं नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो. पण म्हणून घरात कोंडूनही ठेवू नका, कारण जग ओळखीचं करून घेण्याचं वय हेच. उचलून न्या, गाड्या, छत्र्या, सायकली, आरडाओरडा करणारी पोरं, सगळं कडेवरून दाखवा. शी-शूसाठी तोवर आपल्या आवारातला किंवा गच्चीचा एक कोपरा ठरवून घ्या.

बाहेर नेलेलं पिल्लू शू न करताच परत का येतं? त्याला बाहेर शू आठवतच नाही. इतके वास, इतके आवाज! घरात आल्यावर जीव निवांत होतो आणि मग आठवतं. दुसरं कारण आपणच शिकवलेलं असतं. ऑफिसची घाई असते, पिल्लाने शू केली रे केली की आपण त्याला ओढत घरी आणतो. चार दिवसांत त्याला हिशेब कळतो: शू केली की मजा संपते. मग ते धरून ठेवतं. हुशार पिल्लं तर जास्तच.

म्हणून हिशेब उलटा करायचा. दारातून निघायचं ते थेट ठरलेल्या जागी. पट्टा आखूड, गप्पा नाहीत, खेळ नाही. तिथे उभं राहायचं आणि पिल्लाला पट्ट्याएवढ्या वर्तुळात हुंगू द्यायचं. बंड्या आधी माझे बुटाचे बंद ओढतो, मग एक पान चावतो, मग उगाच भुंकतो. मी ढिम्म. थोड्या वेळाने त्याला माझा कंटाळा येतो, नाक जमिनीला लागतं, चालणं तुटक होतं, एकाच जागेभोवती गिरक्या सुरू होतात. मागचे पाय वाकले की मी हळू आवाजात ‘कर शू’ म्हणते. रोज तोच शब्द, तोच सूर. पूर्ण होईपर्यंत पुढे एक अक्षर बोलायचं नाही. मध्येच ‘वा वा’ केलं तर ते अर्ध्यात थांबून खाऊ मागायला धावतं आणि उरलेली शू घरात होते. संपली की तिथल्या तिथे खाऊ. घरी गेल्यावर दिलेला खाऊ हा त्याच्या लेखी घरी येण्याचा खाऊ असतो, शूचा नाही. आणि मग पट्टा सैल सोडून ‘चला’! इथून पुढचं सगळं फिरणं हे त्याचं बक्षीस.

पाच-सात मिनिटांत काहीच झालं नाही तर न रागावता घरी परत. पण घरात मोकळं सोडायचं नाही. पट्ट्यासकट आपल्या पायाशी बसवायचं नाहीतर त्याच्या पिंजऱ्यात, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच जागी. एकदा शू झाली म्हणजे काम संपलं असंही समजू नका. थोडं चाललं, पोट हललं की बऱ्याच पिल्लांना शी लागते आणि शूचा दुसरा हप्ताही येतो.

केव्हा न्यायचं? झोपून उठल्या उठल्या, जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत, खेळ रंगून संपल्यावर आणि रात्री झोपण्याआधी. मध्ये किती वेळ धरू शकेल याचा ठोकताळा असा की वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. तीन महिन्यांचं पिल्लू चार तास. ही कमाल झाली, जागं आणि खेळतं असेल तर याच्या निम्म्यातही लागते. पाणी तोडून शू कमी करायचा उपाय मात्र करू नका.

वर्तमानपत्रावर करायला शिकलेलं पिल्लू बाहेर गवतावर गोंधळतं, कारण पायाखाली काय लागलं की करायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. शू लागलेल्या कागदाचा एक तुकडा बाहेरच्या जागी नेऊन ठेवा आणि रोज तो लहान करत जा. घरात झालेली शू पुसताना अमोनिया असलेलं क्लीनर वापरू नका, त्याचा वास शूच्याच जातकुळीतला. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वासाचा माग खरोखर पुसतं. झाल्यावर रागावणं, नाक घासणं हे प्रकार कटाक्षाने टाळा. त्यातून ते एवढंच शिकतं की या माणसासमोर शू करायची नाही, आणि मग बाहेर तुम्ही पट्टा धरून उभे असलात की करत नाही. पाहुणे आल्यावर लोळण घेऊन चार थेंब सोडणारं पिल्लूही खोडकर नसतं, ते दबलेलं किंवा अति हरखलेलं असतं. त्याच्यावर वाकू नका, बाजूला बसा, वयाने बहुधा जातं.

नर पिल्लू बसून शू करतं म्हणून काळजी करणारे लोकही भेटतात. सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान बहुतेक जण पाय वर करायला लागतात, काही कधीच करत नाहीत. आणि शी करायच्या आधीच्या त्या न संपणाऱ्या गिरक्यांचं म्हणाल, तर त्यावर संशोधन झालेलं आहे. ७० कुत्र्यांच्या शी-शूच्या हजारो नोंदी घेऊन २०१३ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी मांडलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्री अंग उत्तर-दक्षिण ठेवून बसणं पसंत करतात. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीदार बक्षीस. बंड्या बसला की मी अजूनही दिशा बघते, त्याचं आणि होकायंत्राचं फारसं जमत नाही.

शी उचलताना पिशवी हातावर उलटी चढवा, उचला, सुलट करा, गाठ मारा. आणि उचलण्याआधी एकदा नजर टाका. घट्ट, आकार धरलेली, उचलल्यावर जमिनीवर फारसं काही न उरणारी शी चांगली. भाताच्या शितांसारखे पांढरे कण म्हणजे पट्टकृमीचे तुकडे, लांब वळवळणारे पांढरट धागे म्हणजे गोलकृमी. जंताचं औषध पिल्लाला दोन आठवड्यांचं असल्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला देतात, पुढचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. गोलकृमीची अंडी ताज्या शीतून लगेच लागण करत नाहीत, त्यांना मातीत पक्व व्हायला दोनेक आठवडे लागतात. पण मग ती मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. तेव्हा शी तिथल्या तिथे उचलणं हा नुसत्या शिष्टाचाराचा मामला नाही. थोडी थोडी शू वारंवार होत असेल, कुंथावं लागत असेल, शूमध्ये रक्त असेल तर ते शिकवण्याचं अपयश नव्हे, मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. आणि लशी अपुऱ्या असलेल्या पिल्लाला रक्ताची पातळ शी, उलट्या आणि मरगळ असं एकत्र दिसलं तर उद्यापर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

राहिला प्रश्न रस्त्यावर तोंडात घालण्याचा. खडे, प्लास्टिक, हाडं, दुसऱ्या कुत्र्याची शीसुद्धा, पिल्लाला काही वर्ज्य नाही. इथे रोजची ओठ उचलायची सवय कामाला येते, तोंडात बोट गेलं तरी पिल्लू बिथरत नाही. तरी आधी बोट घालू नका. ओढायला गेलात की ते गिळून मोकळं होतं. घरात खेळण्याच्या बदल्यात खाऊ देऊन ‘सोड’ हा शब्द शिकवा, खाऊ नेहमी तोंडातल्या वस्तूपेक्षा भारी असावा. रस्त्यावर खिशात तोच खाऊ, तोच शब्द. वस्तू पडली की पाय ठेवून झाका आणि पुढे चला. ‘सोड’ ऐकलं नाही आणि वस्तू घातक असेल तरच ओठाच्या कडेने, दातांमागच्या मोकळ्या जागेतून बोट सरकवून बाहेर ढकला. औषधी गोळी, उंदराचं विष असं काही गिळल्याची शंका आली तर घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. पाकीट मिळालं तर ते घ्या, पिल्लू घ्या आणि डॉक्टरांकडे निघा, वाटेतूनच फोन करा.